वहीतली उभी रेघ

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३. कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवतात. घरात आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मराठी, शिक्षण सगळं कन्नडमधून. सात वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांना प्रार्थनेची वही ठेवायला शिकवलं गेलं. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे बायबलचं वचन आणि प्रार्थना, उजवीकडे उत्तर आणि तारीख. पाच वर्षं एक दिवस चुकला नाही. मग वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बेळगावला डायलिसिस, घरात उपास, मंडळीत साखळी प्रार्थना. अप्पा गेले त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हापासून वही एक तर कोरी राहते, नाहीतर देवावरच्या रागानं भरते. मध्यंतरी ती मिस्टरांच्या हाती लागली. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "असलं लिहितात होय देवाला? जाळून टाक आधी." त्यातच महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी पुढच्या महिन्यात याच वहीतून साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते, वाचायला सांगितलं आहे. ताई विचारतात: वही जाळू का? लिहिणं थांबवू, की यापुढे चांगलं तेवढंच लिहू? आणि माझं मराठी शुद्ध नाही, निम्मी वही कन्नडमध्ये आहे. अशा वहीला काही अर्थ आहे का?

ताई,

पत्रासोबत तुम्ही वहीतलं एक पान उतरवून पाठवलंत, त्यापासून सुरुवात करते. डावीकडे लिहिलंय, "अप्पांचा क्रिएटिनिन खाली येऊ दे." त्याखाली एकाखाली एक रक्ततपासणीतले आकडे, ७.२, ६.८, ८.१. उजवीकडे दुसऱ्या आकड्यापुढे "धन्यवाद प्रभू". तिसऱ्यापुढे काहीच नाही. तुम्ही म्हणता, त्या रिकाम्या जागेपासून तुमचा विश्वास ढासळायला लागला.

मला त्या पानावर वेगळं काही दिसतं. मला ती उभी रेघ दिसते.

ती पद्धत मीही काही वर्षं वापरली आहे, म्हणून तिला नावं ठेवत नाही. मिळालेल्या गोष्टी माणूस पटकन विसरतो, त्या लिहिल्या की कृतज्ञता राहते. पण तिची मांडणी जमाखर्चाची आहे. एका बाजूला मागणी, दुसऱ्या बाजूला भरपाई. वाण्याच्या उधारीच्या वहीत जसा दर ओळीचा हिशेब मिटायचाच असतो, तसा इथेही प्रत्येक प्रार्थनेचा हिशेब मिटायला हवा अशी सवय हाताला लागते. जोवर प्रार्थना मुलाच्या परीक्षेच्या, बदलीच्या, कर्ज मंजूर होण्याच्या असतात तोवर हे चालून जातं. अप्पांच्या आजारपणात मात्र त्या उजव्या रकान्यात लिहिता येईल असं काही उरलं नाही. आणि रकाना कोरा राहिला की दोनच अर्थ सुचतात, देवानं ऐकलं नाही किंवा माझं कुठंतरी चुकलं. तुमच्या पत्रात हे दोन्ही अर्थ आहेत, एकाच परिच्छेदात.

त्या रेघेच्या वहीत बायबलमधलीच किती पानं बसली नसती, बघा. स्तोत्र १३ घ्या. जेमतेम सहा वचनांचं स्तोत्र, आणि पहिल्या दोन वचनांत "कुठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. ते शेवटी भरवशावर येऊन टेकतं, म्हणून मंडळीत वाचायला सोपं जातं. पण स्तोत्र ८८ टेकतच नाही. रात्रंदिवस हाक मारली, तू तोंड का लपवतोस, माझ्या जिवलगांना तू माझ्यापासून दूर केलंस, असं म्हणत ते अंधारात संपतं. त्याचं शेवटचं वचन म्हणजे निव्वळ काळोख आहे. ते कुणीतरी लिहिलं, दुसऱ्यानं फाडून टाकलं नाही, कोरहाच्या पुत्रांनी, म्हणजे मंदिरातल्या गायकांनी, ते गायलं, आणि आज ते तुमच्या-माझ्या पवित्र शास्त्रात आहे. सगळं काही गमावलेला ईयोब तर देवाला सरळ कोर्टात खेचायला निघाला होता. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन तासन्‌तास बोलले. शेवटी ईयोब ४२:७ मध्ये देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब.

म्हणून "यापुढे चांगलं तेवढंच लिहू का" या तुमच्या प्रश्नाला माझं स्पष्ट उत्तर आहे, "नाही". चांगलं तेवढंच लिहिलेली वही तुम्ही स्वतःच पुन्हा उघडणार नाही. तुम्हाला माहीत असेल की यातली बाई मी नव्हे.

माझ्या आईच्या बायबलबद्दल सांगते. ती चौथीपर्यंत शिकलेली, वही वगैरे तिनं कधी ठेवली नाही. पण वाचलेल्या वचनाशेजारी पेन्सिलीनं बारीक तारीख घालायची. ती गेल्यावर मी ते बायबल पानापानानं पाहिलं. स्तोत्र ८८ च्या कडेला पाच तारखा होत्या. त्यातली एक माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणातली, ते मी ओळखलं. बाकीच्या चार दिवशी तिला काय झालं होतं, मला आजही माहीत नाही. तिनं एक शब्द लिहिला नव्हता, फक्त त्या दिवशी ती कोणत्या पानावर बसली होती तेवढी खूण ठेवली होती. तुमच्या कोऱ्या पानांवर तारीख आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती पानं वाया गेली असं मी तरी मानणार नाही. त्या दिवशी तुम्ही वही उघडून बसला होतात.

आता जाळण्याचं. बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३६ व्या अध्यायात, वही जाळण्याची एक गोष्ट आहे. बारूख या लेखनिकानं यिर्मयाच्या तोंडून ऐकून गुंडाळी लिहिली. हिवाळ्याचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि निखाऱ्यात टाकायचा, अशी सगळी गुंडाळी संपवली. मग यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, बारूखानं सगळं पुन्हा लिहिलं आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. तुमच्या मिस्टरांना मी त्या राजाच्या जागी बसवत नाही, तसं मनातसुद्धा आणू नका. एवढंच म्हणते की जाळून ते शब्द संपणार नाहीत. दुःखाच्या दुसऱ्या वर्षात असला निर्णय घेऊ नये. अप्पांच्या पानांसकट वही बांधून ट्रंकेत ठेवा आणि पुढच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत हा विषयच काढू नका. आणि ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. तुमच्याकडचा पाऊस ट्रंकेतल्या कागदालाही सोडत नाही. शाईपेनानं लिहिलेल्या माझ्या दोन वह्या एका आषाढात फुटून निळ्या झाल्या, तेव्हापासून मी बॉलपेनच वापरते.

मिस्टरांचा राग देवासाठी होता असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण त्याच पानावर, तुम्हीच लिहिता, एक ओळ अशी होती: "ह्यांना माझं काही कळत नाही." ताई, अप्पांना पहाटे पाचला गाडीवरून बेळगावला नेणारा आणि चार-चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसणारा माणूस तोच ना? त्यानं ती ओळ वाचली. त्याला लागलं असेल ते कदाचित तिथंच, आणि बोलताना नाव देवाचं आलं असेल. सासरा गेल्याचं दुःख जावयानं कुठं मांडायचं, याला आपल्याकडे जागाच नसते. वहीवरून वाद घालत बसू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांना सांगा, "तुम्ही वाचलंत ती माझी प्रार्थना होती. तुमच्याबद्दलचं वाक्य मी तुम्हाला तोंडानं सांगायला हवं होतं, ते राहिलं." मग जमलं तर स्तोत्र १३ दोघांनी मिळून वाचा. वही दाखवायची गरज नाही. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर, असं प्रभूनं मत्तय ६:६ मध्ये सांगितलं. ते दार नवऱ्यासाठीही बंद असू शकतं. त्यात लपवाछपवी नाही, आणि हे त्यांना आदरानं सांगताही येतं.

वहीबद्दल एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कडकपणे सांगणार आहे. तुम्ही लिहिता की प्रार्थनासभेत बायका जी ओझी सांगतात तीही तुम्ही नावानिशी उतरवून ठेवता. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं. तुमची वही एकदा दुसऱ्याच्या हाती लागली आहे, पुन्हाही लागू शकते. तुमचं दुःख उघडं पडलं तर ते तुमचं आहे. त्यांचं उघडं करण्याचा हक्क तुम्हाला नाही. यापुढे फक्त एक अक्षर लिहा, देवाला नाव माहीत आहे. जुन्या पानांवरची नावं आजच बसून खोडा. जे जे कुणी अशी वही ठेवतात त्या सगळ्यांनी हे करावं.

आता तुमच्या मराठीविषयी. या प्रश्नापाशी मला जास्त वेळ थांबायचंय, कारण आपल्या सीमाभागातल्या कित्येक मंडळींत ही लाज मी पाहिली आहे. शाळा कन्नड, गाणी मराठी, उपदेश मराठी, आणि एकटं बसलं की डोक्यात दोन्ही. तुम्ही लिहिता, "कन्नड अक्षरांत प्रार्थना लिहिली की चोरी केल्यासारखं वाटतं." ताई, दोन बायबलं वाचता येणं ही चोरी कशी? अभ्यासाचं एवढं चांगलं साधन तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते लपवताय.

एकच उदाहरण देते. तेविसावं स्तोत्र मराठीत मी लहानपणापासून पाठ म्हणते, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." मेंढपाळ हा शब्द मी देवळाबाहेर क्वचितच ऐकला. तो माझ्यासाठी चित्रातला माणूस होता, पांढऱ्या झग्यातला, हातात आकडीची काठी. मग शाळेतल्या मैत्रिणीच्या कन्नड बायबलात तेच वचन वाचलं, "येहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु." कुरुबनु! कुरुब तर मला माहीत होता. माझ्या आजोळी, चिकोडीकडे, सुगी आटपली की तो मेंढरं घेऊन यायचा. रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबद्दल आजोबा त्याला जोंधळे द्यायचे. खांद्यावर काळं घोंगडं, त्याला मेंढरांचा वास, पायात जाड वहाणा. रात्री तो घरात झोपायचा नाही, कितीही आग्रह केला तरी मेंढरांच्या कडेलाच घोंगडं टाकायचा. एकदा कोकराचा पाय मोडला तर त्यानं दोन काटक्या लावून चिंधीनं बांधला आणि चार दिवस त्याला काखेत घेऊन हिंडला. त्या दिवसापासून तेविसावं स्तोत्र म्हणताना माझ्यापुढे तो माणूस असतो. मराठी शब्दानं मला अर्थ दिला होता, कन्नड शब्दानं माणूस दिला.

तुमच्या अभ्यासाची वही अशीच होऊ द्या. एक वचन मराठीतून उतरवा, तेच कन्नडमधून उतरवा, आणि जिथं शब्द वेगळा पडतो तिथं खाली खूण करा. त्या खुणेपाशी थांबायचं. मग एक प्रश्न लिहायचा, उत्तर नाही आलं तरी चालेल. हातानं उतरवून काढण्यालाही शास्त्रात जागा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात, १७:१८ मध्ये, इस्राएलच्या राजाला सांगितलंय की गादीवर बसल्यावर त्यानं नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहावी आणि ती आयुष्यभर वाचावी. वाचून सुटणारं वाक्य लिहिताना सुटत नाही. पहिलीच्या पोरांना पाटीवर गिरवायला लावणाऱ्या बाईंना हे मी काय सांगू.

शुद्धलेखनाचं मनातून काढून टाका. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या त्या आजच्या कर्नाटकात, गंगामूळच्या रानात, मराठी आईबापांच्या पोटी. त्यांनी पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं अशा साध्या मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी ते छापलं गेलं. १९२२ साली त्या वारल्या, तोवर त्या कामाशीच होत्या. एवढी संस्कृत जाणणारी विदुषी आपल्यासारख्यांसाठी सोपं लिहायला बसली. मग तुमची ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासतंय?

यातून एक सोपी वाट निघते. वह्या दोन करा. वर सांगितलेली अभ्यासाची वही उघडी, टेबलावर पडू दे, मिस्टरांनी चाळली तरी हरकत नाही. दुसरी बंद. तिच्यात रेघ मारू नका. तिच्यात रोज लिहायचा नेमही नको. पाच वर्षं एक दिवस चुकला नाही हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत, आणि मला वाटतं त्या अभिमानानंच कोरी पानं इतकी बोचतात. बेळगावच्या कॅम्पात सेंट पॉल्स शाळा चालवणारे जेज्विट, म्हणजे कॅथलिक पंथातले, फादर दिवसाकडे मागं वळून पाहण्याची एक पद्धत पाळतात. आज देव कुठं जवळ वाटला, कुठं मी त्याच्यापासून सरकले, हे शांतपणे आठवायचं. आपण मेथडिस्ट असलो तरी ती उसनी घ्यायला काय हरकत आहे? आठवड्यातून दोनदा केलं तरी पुरे. सहा महिन्यांनी मागची पानं वाचा, घाईनं नको. तेव्हा उजव्या रकान्यात बसली नसती अशी काही गोष्ट दिसेल, किंवा नाही दिसणार.

महिला मंडळाला काय सांगायचं? बंद वहीतून एक ओळही वाचू नका. साक्ष ही पिकल्यावर द्यायची गोष्ट आहे. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे, १८३१ साली इथं जन्मले, १८५४ साली इथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मात्र त्यांनी त्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिलं. तुम्हाला चौदा महिन्यांत उभं राहायला कुणी सांगू नये. सेक्रेटरीबाईंना म्हणा, साक्ष आत्ता नाही, पण पंधरा मिनिटं स्तोत्र १३ घेते, दोन्ही भाषांतून. त्या खोलीत कोरा रकाना घेऊन बसलेली दुसरी एखादी बाई असणारच.

आणखी एक विचारायचं आहे. झोप येते का? जेवण जातं का? पत्रात तुम्ही "सकाळी उठावंसंच वाटत नाही" असं जाता जाता लिहिलंय. ते महिनोन्‌महिने चालू असेल तर वहीवर आणि प्रार्थनेवर सगळा भार टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था तुम्हाला लांब नाही, आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठी-कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. अप्पांना डायलिसिसला नेताना तुमचा विश्वास कमी पडला नव्हता. तुमच्यासाठी डॉक्टरकडे जातानाही पडणार नाही.

बंद वहीत सुरुवात कशी करायची, हा प्रश्न राहिला. बायबलमधलं विलापगीत काढा. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेली पाच गीतं आहेत. त्यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात बावीस-बावीस वचनं, कारण हिब्रूत अक्षरं बावीस. प्रत्येक वचन पुढच्या अक्षरानं सुरू होतं. तिसऱ्यात एकेका अक्षराची तीन-तीन वचनं, म्हणून तिथं सहासष्ट. भाषांतरात हे दिसत नाही, त्यामुळे आपल्याला माहीतही नसतं. सगळं शहर जळालेलं, काय बोलावं सुचत नाही, अशा वेळी त्या माणसानं शाळेतली मुळाक्षरं धरली आणि एकेका अक्षरावरून दुःख लिहीत गेला.

मुळाक्षरं तुम्ही रोज फळ्यावर लिहिता. आज रात्री नव्या वहीचं पहिलं पान उघडा आणि एकच अक्षर घ्या, एकच ओळ लिहा. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, पहिलं अक्षर अ आहे, आणि अप्पा हा शब्द दोन्हीकडे तोच आहे.